सेव्हन आयर्न नेमका किती जातो? यार्ड डोळ्यात बसवायची आमची पद्धत

२२ यार्ड म्हणजे किती हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. भात कापून झालं की मळ्यात पीच आखायची, तीन काठ्या ठोकायच्या, टेनिस बॉल, आणि कोणीतरी लांबूनच ओरडणार की अरे पीच मोठी झाली, दोन पावलं आत घे. मोजपट्टी कोणाकडेच नसायची, तरी डोळ्याला बरोबर कळायचं. मी अलिबागकडचा, गोल्फ बऱ्याच उशिरा सुरू केलं, रविवारी पहाटे निघून खारघरला सिडकोच्या कोर्सवर जातो, आणि पहिली दोन वर्षं मला माझ्या एकाही क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, खरं अंतर (तिने बॉल किती यार्ड जातो ते) माहीत नव्हतं. हा लेख त्यासाठीच आहे. कोकणात राहून, घराजवळ ड्रायव्हिंग रेंज (बॉल मारायच्या सरावाचं मैदान) नसताना, आपले क्लब किती जातात हे कसं शोधायचं आणि कोर्सवर उभं राहिल्यावर समोरचं अंतर कसं ओळखायचं, हे जमेल तितकं सविस्तर लिहितो.

आधी एक प्रसंग सांगतो कारण सगळं तिथूनच सुरू झालं. एका रविवारी मी ग्रीनपासून, म्हणजे झेंडा असलेल्या हिरवळीपासून, १५० यार्डांवरच्या पोलजवळून सात नंबर (सेव्हन आयर्न; नंबर जेवढा लहान तेवढा बॉल लांब जातो) काढला आणि बॅग उचलणारा कॅडी म्हणाला, "साहेब, सात नको, सहा घ्या." मी म्हटलं, "का रे दादा, सात जातो माझा दीडशे." तर तो शांतपणे म्हणाला, "सकाळपासून तुमचा एकपण बॉल ग्रीनच्या पलीकडे गेला नाही." मी आठवून बघितलं, खरंच एकही नाही, सगळे अलीकडेच. माझा सात नंबर एकदा दीडशे गेला होता, मे महिन्यात, कडक जमिनीवर, मागून वारा असताना, आणि तोच एक शॉट मी माझा आकडा म्हणून डोक्यात ठेवला होता. बहुतेकांचं असंच होतं, सर्वात चांगला बसलेला बॉल लक्षात राहतो आणि नेहमीचा विसरला जातो. त्यामुळे पहिलं काम हे करा, पुढच्या तीन राउंडला ग्रीनवर मारलेला प्रत्येक बॉल अलीकडे पडला की पलीकडे, फक्त एवढंच स्कोअरकार्डच्या कोपऱ्यात लिहा. दहातले आठ अलीकडे असतील तर स्विंग बदलायच्या आधी आकडे तपासायला हवेत.

यार्ड डोळ्यात बसवणं

एक यार्ड म्हणजे तीन फूट, मीटरपेक्षा थोडा कमी. मीटरमध्ये अंतर कळलं तर त्याचा दहावा भाग त्यात मिळवा की साधारण यार्ड येतात, म्हणजे १३७ मीटरला १४ मिळवले की १५० च्या आसपास. पण हा हिशोब कागदावरचा झाला, डोळ्याला एकक लागतं आणि ते आपल्याकडे आधीपासून आहे. पीच २२ यार्ड. जमिनीचा गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे त्याची एक बाजू ११ यार्ड, बरोबर अर्धी पीच. हापूसची नेहमीची लागवड १० बाय १० मीटरवर असते, तेही जवळजवळ ११ यार्डच झाले. माडांमध्ये साडेसात मीटर सोडतात, म्हणजे सव्वाआठ यार्ड. आता बागेत ओळीच्या एका टोकाला उभं राहा आणि दहावं कलम शोधा, मध्ये नऊ गाळे, म्हणजे ९८ यार्ड, सँड वेज किंवा पिचिंग वेज या जवळच्या अंतराच्या क्लबांचा शॉट. पंधरावं कलम बघितलं तर १५० च्या थोडं पुढे. मी येता-जाता हेच करत राहायचो, आधी मनात आकडा धरायचा, मग गाळे मोजायचे. लागवड जुनी आणि वेडीवाकडी असेल तर एकदा टेपने खात्री करून घ्या, सगळ्याच बागा काही सरळ नसतात.

कोर्सवर लांबचं अंतर बघताना एकदम १६० असा अंदाज करू नका, तो चुकतोच. पीचा मांडत जा. इथून त्या झुडपापर्यंत दोन पीचा, तिथून बंकरपर्यंत (वाळूच्या खड्ड्यापर्यंत) अजून तीन, पुढे दोन, झाल्या सात, म्हणजे १५४. लांब गेलं की पीच दिसायला लहान होत जाते म्हणून शेवटच्या दोन पीचा मांडताना गडबड होते, तिथे जरा थांबून बघा.

डोळा कुठे फसतो तेही माहीत पाहिजे. पाऊस उघडून हवा धुतली गेली की थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी हाताला लागतील अशा वाटतात, आणि उन्हाळ्यात धुरकट असलं की त्याच मैलभर मागे सरकतात. ग्रीनचंही तसंच. मध्ये पाणी असेल, किंवा मध्ये एखादी घळ असेल जी आपल्याला उभ्या जागेवरून दिसतच नाही, तर ग्रीन जवळ वाटतं कारण तेवढी जमीन डोळ्याने मोजलीच नाही. दोन्ही बाजूंनी झाडं दाटलेली असली की उलट ते लांब वाटतं.

पावलं मोजणं

जॅक निक्लॉसही सुरुवातीला नजरेच्या अंदाजानेच खेळायचा. १९६१ ची यूएस अमॅच्युअर स्पर्धा कॅलिफोर्नियात पेबल बीचला होती, समुद्राला अगदी लागून असलेला कोर्स, तिथे डीन बीमनने त्याला सांगितलं की पावलं टाकून अंतरं मोज आणि लिहून ठेव. त्याने ते केलं, स्पर्धा जिंकला, आणि ती सवय त्याने पुढे कायम ठेवली. एवढा मोठा खेळाडू पावलं मोजत असेल तर आपण का नाही.

आपलं पाऊल मोजायला ओहोटीची पुळण सर्वात छान. पाणी मागे गेल्यावर जी ओली घट्ट वाळू राहते तिच्यावर चालायचं, वरच्या सुक्या भुसभुशीत वाळूत पाऊल आखूड पडतं. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते ते बघून जा. १०० फुटी टेप घ्या, कोणाकडे बांधकामाचा किंवा मोजणीचा असतोच, दोन टोकांना रेघा मारा आणि नेहमीच्या चालीने दहा वेळा ये-जा करा. माझी १०० फुटाला ३८ पावलं भरतात. १०० फूट म्हणजे ३३ यार्ड आणि वर एक फूट, हिशोब केला तर आठ पावलांना सात यार्ड पडतात. हे "आठाला सात" मी क्लबच्या हेडकव्हरवर लिहून ठेवलंय. काहीजण सांगतात की लांब ढांग टाकून एक पाऊल एक यार्ड करायचं, मला ते पटत नाही कारण चढावर आणि थकल्यावर ती ढांग राहत नाही, नेहमीचं पाऊल मात्र शेवटच्या होलपर्यंत तेवढंच राहतं.

क्लबांची खरी अंतरं शोधणं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई करू नका. रेंजवर गेलात तर तिथे दोन अडचणी असतात. रेंजचे बॉल झिजलेले असतात आणि तुमच्या बॉलपेक्षा बऱ्याचदा कमी जातात, आणि मॅटवर क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागला तरी घसरून पुढे जातो त्यामुळे चूक कळतच नाही. रेंज स्विंगसाठी ठीक आहे, आकड्यांसाठी मी कापणी झालेली शेती पसंत करतो. मालकाला विचारून, आणि आधी नीट बघून की भातानंतर तिथे वाल किंवा पांढरा कांदा लावलेला नाही, आमच्याकडे बऱ्याच खाचरांत लावतात आणि कोणाच्या उभ्या पिकात बॉल शोधत फिरणं बरं नाही. वस्ती, रस्ता, गुरं यातलं काही समोर नको, लांबवर मोकळं हवं. सोबत एक माणूस घ्या, पण तो तुमच्या मागे किंवा बाजूला उभा राहील, पुढे कधीच नाही.

आणि किनाऱ्यावर पूर्ण शॉट मारू नका, अगदी पहाटे कोणी नसलं तरी. लाटेत गेलेला बॉल समुद्रात प्लास्टिक म्हणून कायमचा राहतो, आणि वेळास-आंजर्ल्यासारख्या ठिकाणी थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत कासवांची घरटी वाळूत असतात. पुळण पावलांसाठी आणि नजरेसाठी ठेवा.

शेतात आखणी अशी. उभं राहायच्या जागेपासून सरळ टेप लावत जा आणि ८८ यार्डापासून पुढे दर ११ यार्डांवर चिंधी बांधलेली काठी रोवा, ८८, ९९, ११०, १२१, असं १७६ पर्यंत. धसकटं असतात, बांध असतात, त्यामुळे बॉल पडतो तिथेच जवळपास थांबतो, आणि आपल्याला तेच हवंय. कारण मोजायचा असतो तो पहिला टप्पा, म्हणजे कॅरी. पडल्यावर किती घरंगळला ते जमिनीवर अवलंबून असतं, बंकर ओलांडायचा असेल तर टप्पाच उपयोगाचा. वारा नसताना करा, पहाटे साडेसहा ते आठ चांगली वेळ.

एका दिवशी दोनच क्लब, प्रत्येकाचे २० बॉल, आणि बॉल तेच वापरा जे कोर्सवर खेळता. आधी अंग मोकळं करून घ्या, पहिले आठ-दहा मोजू नका. मग २० मारा, चालत जा, प्रत्येक बॉल कोणत्या दोन काठ्यांमध्ये पडलाय ते बघून पावलांनी आकडा काढा, लिहा. जे अगदीच माथ्याला लागून सरपटत गेले ते दोन-तीन वगळा, पण उरलेल्यातून लांबचे निवडू नका. उरलेले लहान ते मोठे असे लावा आणि मधला घ्या, तो तुमचा आकडा. सरासरीपेक्षा मला मधला जास्त विश्वासाचा वाटतो, एखादा वेडावाकडा शॉट सरासरीला ओढून नेतो. त्याच्या बाजूला सर्वात लांबचा आणि सर्वात जवळचाही लिहा, किती फैलावतंय ते कळतं.

माझे आकडे नमुन्यासाठी देतो, तुमचे वेगळेच असणार आणि असायलाच हवेत. पिचिंग वेज १००, नऊ ११२, आठ १२४, सात १३५, सहा १४५, पाच १५३. सात नंबर १३५! मी ज्याला दीडशे समजत होतो तो. दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ नाही कारण हल्ली सात नंबरावर लिहिलेलं ७ प्रत्येक कंपनीचं वेगळं, जुन्या सेटमध्ये त्याचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा, ३४ अंशांच्या आसपास असायचा, आताच्या काही सेटमध्ये ३० च्याही खाली आहे, म्हणजे एक-दीड क्लबचा फरक नुसत्या आकड्याच्या छापात.

बायकोचेही आकडे आम्ही असेच काढले. तिच्यात आणि माझ्यात फरक असा दिसला की तिच्या दोन क्लबांमध्ये सहा-सातच यार्ड पडतात, आणि पाच नंबर तर सहाच्या मागेच राहतो. स्विंग सावकाश असेल तर लांबचे आयर्न हवेत उंच चढतच नाहीत, मग ते बॅगेत ठेवून फायदा काय, तिने पाच-सहा काढून त्या जागी हायब्रिड (लांबच्या आयर्नपेक्षा बॉल सहज उंच उचलणारा क्लब) घेतला आणि अंतरातलं भगदाड बुजलं. नियमाने १४ क्लब चालतात, पण १४ हवेतच असं नाही. अंतरं लिहिली की कुठे दोन क्लब एकच काम करतात आणि कुठे मोठी फट आहे ते आपोआप दिसतं. माझी फट खाली होती, पिचिंग वेज १०० आणि सँड वेज ७५, मध्ये काहीच नाही. पिचिंग वेज ४५ अंश आणि सँड वेज ५६ असेल तर हे होणारच.

अर्धे शॉट

ती फट भरायला ५०-५२ अंशाचा वेज घेता येतो, पण त्याआधी वेजचे अर्धे स्विंग मोजा, फुकटात होतं. हात कंबरेपर्यंत मागे, हात खांद्यापर्यंत मागे, आणि पूर्ण, अशा तीन मापांनी त्याच शेतात मारा, लय एकच ठेवा, जोर कमी-जास्त करू नका, फक्त हात किती मागे गेले तेवढंच बदला. माझ्या सँड वेजला ३५, ५५, ७५ येतात, पिचिंगला ५०, ७५, १००. दोन वेजमधून पाच वेगळी अंतरं मिळाली आणि १०० च्या आतले शॉटच स्कोअर वाचवतात, म्हणून या भागावर मी ड्रायव्हरपेक्षा (सर्वात लांब मारायच्या क्लबपेक्षा) दुप्पट वेळ घालवतो.

कोर्सवर

बऱ्याच कोर्सवर फेअरवेच्या (ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला पोल किंवा चकत्या असतात, साधारणपणे १०० ला लाल, १५० ला पांढरा, २०० ला निळा, पण पहिल्यांदा जाताय तर स्टार्टरला (पहिल्या होलला खेळ सुरू करून देणाऱ्या माणसाला) विचारून घ्या की हे अंतर ग्रीनच्या मध्यापर्यंत आहे की पुढच्या कडेपर्यंत. यातच १५ यार्ड जाऊ शकतात. मग बॉलपासून जवळच्या पोलपर्यंत पावलं, आठाला सात. मोबाइलचं अॅप असेल तर पुढची कड, मध्य, मागची कड असे तिन्ही आकडे देतं, लेझर झेंड्यापर्यंतचं देतो. २०१९ च्या नियमांपासून अंतर मोजायचं यंत्र चालतं, कोर्सने स्थानिक नियमाने मनाई केली नसेल तर, फक्त स्पर्धेत चढ-उताराचा हिशोब देणारं बटण बंद पाहिजे. माझं मत विचाराल तर लेझर असला तरी आधी डोळ्याने आकडा मनात धरा आणि मगच बघा, तीन-चार महिन्यांत नजर आश्चर्य वाटेल इतकी तयार होते.

झेंडा बघून क्लब निवडू नका. ग्रीन ३० यार्ड खोल असेल तर पुढचा झेंडा आणि मागचा झेंडा यात अडीच क्लब आहेत. दोन आकडे घ्या, पुढची कड आणि मागची कड, आणि ज्या क्लबचा नेहमीचा टप्पा या दोघांच्या मध्ये पडतो तो काढा.

वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ते इथे उपयोगी येतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा, दिवस तापला की दुपारकडे समुद्रावरून जमिनीकडे, आणि तो चांगला जोरात. म्हणजे सकाळी ज्या होलला वारा मागून होता तोच दुपारी समोरून येतो, राउंड लांबली तर शेवटच्या होलना सकाळचे आकडे चालत नाहीत. ढोबळ हिशोब असा, समोरचा वारा ताशी १६ किलोमीटर असेल तर दहा टक्के वाढवा, १५० चे १६५ धरा. तोच वारा मागून असेल तर पाचच टक्के कमी करा, मागचा वारा जेवढं देतो त्याच्या दुप्पट समोरचा घेतो. आणि समोरच्या वाऱ्यात जोर लावायचा नाही, जोराने मारलेल्या बॉलला जास्त फिरकी मिळून तो वर चढतो आणि तिथेच थांबतो, एक क्लब मोठा घेऊन सावकाश. वारा बघायचा तो वर, पायाजवळ काही नसतं आणि माडाचे शेंडे लवत असतात, बॉल त्या शेंड्यांच्या उंचीवरून जातो. चिमूटभर गवत उडवून बघायला नियमाची परवानगी आहे, रुमाल धरून बघायला नाही, हे स्पर्धेत लक्षात ठेवा.

चढ-उतार सोपा आहे. घराचा एक मजला म्हणजे सुमारे १० फूट, म्हणजे ३ यार्ड. ग्रीन एक मजला वर असेल तर ३ मिळवा, दोन मजले खाली असेल तर ६ वजा.

दमट हवेत बॉल जड होऊन कमी जातो असं खूप जण म्हणतात, तसं नाही, बाष्प असलेली हवा कोरड्या हवेपेक्षा थोडी हलकीच असते आणि त्याने पडणारा फरक जाणवण्याइतका नसतो. फरक पडतो तो पावसाचा. भिजलेल्या फेअरवेवर बॉल पडतो तिथेच रुततो, ड्रायव्हरचा सगळा रोल जातो, ग्रिप ओली म्हणून आपण आपोआप हळू फिरवतो. म्हणून वहीत जून ते सप्टेंबरचं पान वेगळं ठेवा. आणि पुण्यात खेळायला गेलात तर तिथे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंची आहे, हवा विरळ, दोनेक टक्के जास्त जातो, १५० ला तीन यार्ड.

हे सगळं बॉलजवळ उभं राहून कसं करायचं ते एका उदाहरणाने सांगतो. बॉल १५० च्या पोलपासून १६ पावलं पुढे, म्हणजे १४ यार्ड, मध्यापर्यंत उरले १३६. ग्रीन २८ यार्ड खोल, पुढची कड १२२, मागची १५०. झेंडा मागे आहे, १४५ ला. समोरून हलका वारा, माडाची पानं हलताहेत पण शेंडे लवत नाहीत, मी ताशी ८ धरतो, पाच टक्के, ७ यार्ड. ग्रीन एक मजला वर, ३. म्हणजे १० मिळवायचे, पुढची कड १३२ सारखी खेळेल, मध्य १४६, मागची १६०. माझा सात १३५ जातो, तो कडेला कसाबसा पोचेल आणि थोडा कमी बसला तर समोरच्या बंकरात. पाच १५३, झेंड्याजवळ जाईल पण पाच नंबर माझा फैलावतो, वीसातले सहा उजवीकडे गेले होते असं वहीत लिहिलंय. सहा १४५, मध्यावर. झेंडा दहा यार्ड पुढे राहील, ग्रीनवर पटरचे दोन फटके. सहा काढायचा, सावकाश मारायचा, आणि टप्पा कुठे पडला ते ग्रीनवर पोचल्यावर बघून वहीत लिहायचं.